मिरचीला उजेड चालत नाही

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

मिरची आणली. मालाडहून मुलुंडपर्यंत रिक्षात मांडीवर पिशवी धरून बसलो होतो आणि प्रत्येक खड्ड्याला "हळू, हळू" म्हणत होतो. शेवटी रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "साहब, अंडा लेके जा रहे हो क्या?"

तिचं दुकानातलं नाव चिली कोरल. प्रवाळच, पण दगडी नव्हे, मऊ. दिसायला थेट ओल्या लाल मिरच्यांचं जुडगं, म्हणून मी मिरचीच म्हणणार. बाकीची बरीच प्रवाळं उजेडावर जगतात. त्यांच्या अंगात शेवाळासारखं काहीतरी असतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळाला आयतं मिळतं. मिरचीकडे ती सोय नाही. तिला रोज भरवावं लागतं, पाण्यात तरंगणारं बारीक बारीक, तेही दोन-तीनदा. उजेड तर तिला नकोच. अंधारलं की फुलते म्हणे, अंगभर पांढरी फुलं येतात, आणि ती फुलं म्हणजेच तिची तोंडं. खाणं कमी पडलं तर आक्रसून मरते. जास्त घातलं तर पाणी नासून मरते.

दुकानदार नितेश मला सहा-सात वर्षं ओळखतो, तरी निघताना त्याने पुन्हा सगळा पाढा वाचला. पाणी उडून कमी झालं की वरून फक्त फिल्टरचं गोडं पाणी घालायचं, मीठ नाही, कारण मीठ काही उडत नाही. साबणाचा हात नको. आणि तांबं अजिबात नको. माशांच्या रोगावर तांब्याचं औषध मिळतं, त्यात मासे तरतात पण कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळे जातात. "बाकी काय पण चालून जाईल अनिभाऊ, तांबं म्हणजे झहर." असलं औषध मी घरात ठेवतच नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

खाऱ्या पाण्याची टाकी (आधीचे रहिवासी एक कोळंबी, काही गोगलगायी आणि दोन जोकर मासे) हॉलच्या आतल्या कोपऱ्यात सरकवली, खिडकीला जाड पडदा लावला. माधुरी ड्यूटीवरून आली (ती नर्स आहे, दिवसभर दुसऱ्यांचे ताप बघून येते) आणि म्हणाली, "घरात उजेड होता तोही घालवलास?"

ही वही फक्त मिरचीसाठी. घरातल्या भानगडी इथे लिहायच्या नाहीत.

८ ऑक्टोबर, बुधवार

ही भानगड मिरचीच्या कोपऱ्याशी संबंधित आहे म्हणून लिहितो.

माधुरीचे वडील, नाना, आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं काल, उजवा डोळा. विक्रोळीला कन्नमवार नगरात एकटेच असतात. सासूबाई गेल्यापासून माधुरी त्यांच्या मागे लागली आहे की आमच्याकडे राहा. गेल्या जुलैत बाथरूममध्ये पडले आणि दुपारभर तसेच पडून होते. कोणाला पत्ता नाही. तेव्हापासून हिची झोप उडाली आहे. पण नाना एका वाक्यावर ठाम आहेत: बापानं लेकीच्या घरी मुक्काम टाकू नये.

"नाना, सगळी जुनी खुळं सोडलीत तुम्ही," माधुरी म्हणाली. "देव सोडले, उपास सोडले. हे एकच बरं धरून बसलात?"

"देव सोडणं सोप्पं होतं," नाना म्हणाले.

तर फक्त थेंब घालायचे संपेपर्यंत राहणार. आमची लेक तेजल हॉस्टेलला गेल्यापासून तिची खोली रिकामीच आहे, तिथे सोय केली. बॅग उघडली पण कपडे कपाटात लावले नाहीत. सोबत सासूबाईंची (नानांच्या सोनूची) तांब्याची कळशी घेऊन आले आहेत. संध्याकाळी तिच्यात फिल्टरचं पाणी भरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तेच पितात. फिल्टरचं पाणी मेलेलं असतं, रातभर तांब्यात राहिलं की जिवंत होतं, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही. सासऱ्याशी कोण वाद घालणार?

मुद्दा हा की डॉक्टरांनी त्यांना प्रखर उजेड टाळायला सांगितलाय. त्यामुळे काळा चष्मा लावून ते माझ्या अंधाऱ्या कोपऱ्यात येऊन बसतात. खुर्ची टाकीला लागू नये म्हणजे झालं.

१२ ऑक्टोबर, रविवार

फुलली! सकाळी पंप बंद केला, फ्रीजरमधल्या खाण्याची वडी (गोठवलेले बारीक जलकिडे) टाकीच्याच पाण्यात विरघळवली आणि बिनसुईच्या सिरिंजने तिच्या अंगावर हळूच सोडली. थोड्या वेळाने एका टोकाला पांढरं दिसलं, मग दुसऱ्या, आणि मग सगळीकडे. आठ-आठ पाकळ्यांची इवली फुलं. एकेक पाकळी दाणा धरून आत ओढत होती. मी आनंदाने माधुरीला हाक मारली तर ती म्हणाली की वाटाण्याच्या शेजारी किड्यांचा ट्रे ठेवणाऱ्या माणसाशी ती आज बोलणार नाही.

नाना मात्र उठून आले. चष्मा काढला.

"एवढं लाल? का माझ्याच डोळ्याला दिसतंय?"

"लालच आहे, नाना."

"मग आजवर मी काय बघत होतो?" म्हणाले, आणि बराच वेळ वाकून बघत राहिले. वाकायला बंदी आहे त्यांना. मी सांगितलं नाही, कारण माझंही लक्ष मिरचीकडेच होतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

अडचण अशी की दुपारचं खाणं कोण घालणार? मी ऑफिसात, माधुरी ड्यूटीवर. ऑफिसात आज एका अपघाताच्या फायलीत मान घालून बसलो असताना डोक्यात मिरचीच होती.

संध्याकाळी नानांनी स्वतःच विषय काढला. "अनिरुद्धराव, दिवसभर बसून खातो मी. काहीतरी काम द्या."

मी सिरिंज दाखवली, पंपाचं बटण दाखवलं. कडेची रेघ दाखवून सांगितलं की पाणी तिच्याखाली गेलं तर वरून गोडं पाणी घालायचं, फिल्टरचं, मीठ नको. ऑक्टोबरचा उकाडा एवढा आहे की रोज तांब्याभर पाणी उडतं. त्यांनी सगळं दोनदा म्हणून दाखवलं. फिटर होते, हाताला वळण आहे. सिरिंज माझ्यापेक्षा सरळ धरतात.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीत तेजल येऊन गेली. आजोबांनी तिला मिरची भरवून दाखवली आणि तिने व्हिडिओ काढला. मला विचारलं नाही.

मिरची झकास आहे, आणलेल्यापेक्षा सुजल्यासारखी जाड झाली आहे. श्रेय नानांचं, हे मान्य करायला हवं. सकाळी माधुरी त्यांच्या डोळ्यात थेंब घालते, ते डोळा मिटून पाच मिनिटं बसतात आणि मग उठून मिरचीला थेंब घालतात. तिच्याशी बोलतातही. काल मी दार उघडून आत आलो तेव्हा तिला कारखान्यातल्या कुठल्याशा संपाची हकीकत सांगत होते. मला बघून गप्प झाले.

तसे माझ्याशी ते कमीच बोलतात. दुसरी पोळी वाढली तर "बास, बास" म्हणून ताटावर हात. सकाळची बुद्धवंदना म्हणतात तीही इतक्या हळू, की शेजारच्या खोलीत कोणी आजारी आहे असं वाटावं. माधुरीने रात्री पुन्हा विषय काढला. "थेंब संपतीलच आता महिनाभरात, अनि. ते जातील. तू एकदा म्हणून बघ ना, राहा म्हणून. जावयाने म्हटलं तर फरक पडतो." मी म्हटलं, तुमचं बापलेकीचं तुम्ही बघा. माझा संबंध मिरचीशी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कोळंबी मेली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, दोन वर्षं जुनी. नानांनी फोन करून सांगितलं, आवाज अगदी बारीक. मी म्हटलं, होतं कधी कधी, कात टाकताना मरतात.

९ नोव्हेंबर, रविवार

काहीतरी बिघडलंय. गोगलगायी काचेवरून खाली पडून उताण्या. मिरची तीन दिवस उघडलेली नाही. अंग सुरकुतलंय, रंग विटकरी झालाय. दोन्ही जोकर मासे मात्र ठणठणीत, काही झालंच नाही अशा थाटात फिरतायत. मीठ बघितलं, तापमान बघितलं, अमोनिया बघितला. सगळं जागेवर.

नाना दिवसभर खुर्चीत बसून होते. जेवले नाहीत. "माझ्या हातनं जास्त पडलं का खाणं?" म्हणाले. मी नाही म्हटलं, आणि ते खरंही होतं. मग हळूच म्हणाले, "मी तिला चांगल्यातलं चांगलं तेच घालतोय." मी म्हटलं, माहीत आहे नाना.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वीस वर्षं मोटार विम्याचे क्लेम्स बघतोय. नुकसान झालं की कारण असतं, आणि कारणाच्या मागे कोणीतरी असतो. आमचे संशयित असे. एक, सोसायटीने मागच्या आठवड्यात केलेलं झुरळांचं औषध. दोन, गच्चीवरच्या टाकीची दुरुस्ती. तीन, माधुरीचं फिनेल.

सेक्रेटरी जयंतीबाईंना जिन्यात गाठून औषधाच्या बाटलीवरचं नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या फ्लॅटला फवारलंच नाही हो, तुम्हीच नको म्हणालात." दोन नंबरचं म्हणाल तर टाकीची दुरुस्ती अजून सुरूच झालेली नाही. तीन नंबरचा संशय मी बोलून दाखवला आणि त्याबद्दल रात्री मला डाळ-भाताऐवजी नुसता भात मिळाला.

नाना आता दिवसातून चारदा टाकीचं पाणी बघतात. रेघेच्या खाली केसभरही जाऊ देत नाहीत. निदान तेवढी एक काळजी नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बाटलीत पाणी भरून मालाडला गेलो. नितेशने त्यात थेंब टाकले, नळी हलवली, कार्डाशी रंग जुळवला आणि माझ्याकडे बघितलं. "अनिभाऊ, तांबं आहे."

मी त्याच्यावर चिडलो. माझ्या टाकीत तांबं येईलच कुठून? पंप बंदिस्त आहे, हीटर काचेचा, औषध मी कधी घातलं नाही. तो म्हणाला, "घरात बघा. कुठूनतरी येतंयच." सोबत तांबं शोषणारी चकती आणि कोळशाच्या दोन पिशव्या दिल्या. येताना रिक्षात मी वायरी आठवत बसलो, नळ आठवले.

दार उघडून आत आलो. नाना टाकीजवळ उभे. हातात कळशी. धार अगदी बारीक सोडत होते, लहान मुलाच्या डोक्यावर सोडावी तशी, आणि म्हणत होते, "पी बाई पी, जिवंत पाणी हाय."

मी दारातच उभा राहिलो. त्यांनी वळून बघितलं आणि हसले. "माझ्यातलंच घालतो रोज. ते फिल्टरचं मेलेलं कशाला तिला?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून. स्वतः प्यायचं पाणी कमी करून.

मी आत जाऊन माधुरीला सांगितलं. ती पोळी लाटत होती, लाटणं तसंच हातात राहिलं. मग म्हणाली, "सांगायचं नाही त्यांना."

"अगं पण..."

"अनि, सांगितलंस तर ते उद्या बॅग उचलतील. लेकीच्या घरी राहिलो आणि जावयाची वस्तू मारली, एवढंच राहील डोक्यात. परत पाऊल ठेवणार नाहीत. नाही सांगायचं."

मला मान्य झालं. मिरचीला वेगळ्या बादलीत, ताज्या खाऱ्या पाण्यात हलवलं, एक क्षणही हवा लागू न देता. टाकीत चकती आणि कोळसा सोडला, अर्धं पाणी बदललं. नानांना सांगितलं की मीठ खराब निघालं, नितेशने लबाडी केली. आणि नवीन सूचना आहे की वरचं पाणी यापुढे या प्लास्टिकच्या कॅनमधलंच घालायचं.

"व्हय," म्हणाले. मग विचारलं, "मीठ खराब? आणि भरपाई?"

"राहू द्या नाना."

"राहू द्या कसं?"

२२ नोव्हेंबर, शनिवार

मिरची बादलीत तशीच. मेलेली नाही, जिवंतही दिसत नाही. वास मात्र नाही, म्हणजे अजून कुजलेली नाही. टाकीतलं पाणी पुन्हा बदललं.

पण आजची खरी गोष्ट वेगळीच आहे. मी ऑफिसातून दुपारी आलो तर नाना घरात नव्हते. माधुरी ड्यूटीवरून आली, तोवरही नाही. फोन लागेना. काळा चष्मा नाही, चपला नाहीत, टाकीखाली ठेवलेली मिठाची अर्धी बादली नाही. तेव्हा मला भरपाईचं बोलणं आठवलं.

नितेशला फोन केला. "हो, आले होते ना काका," तो म्हणाला. "लिंक रोडच्या बसने. मिठाची बादली घेऊन. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी, आणि काका मला म्हणतात, माझ्या जावयाला फसवलंस, मीठ बदलून दे नाहीतर मी इथनं हलत नाही. खालीच बसले चक्क. बापरे, काय आवाज आहे! मी म्हटलं काका, माझं मीठ चांगलं आहे, पाण्यात तांबं निघालं. तर एकदम गप्प. मला विचारलं, तांब्याच्या भांड्यातलं पाणी घातलं तर? मी म्हटलं, तेच तर झहर. माझं काही चुकलं का?"

मी म्हटलं, तुझं नाही चुकलं.

संध्याकाळी माधुरीच्या फोनवर निरोप आला, विक्रोळीच्या शेजाऱ्याकडून, धोंडिरामकाकांकडून. नाना घरी पोचलेत, काळजी करू नका, बॅग कोणाच्या तरी हाती पाठवून द्या. माधुरी ओट्याजवळ उभी राहून रडली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

विक्रोळीला गेलो. माधुरी म्हणत होती दोघं जाऊ, मी म्हटलं मी बघतो. थेंब राहिले होते इकडे, ते द्यायलाच हवे होते. शिवाय दुपारचं खाणं मला एकट्याला जमत नाही, पंप बंद करून सिरिंज धरायला दोन माणसं लागतात. खरं म्हणजे लागत नाहीत. नाना एकटेच करायचे.

दार उघडंच होतं. नाना खाटेवर, समोर स्टुलावर धोंडिरामकाका. खोलीला बंद घराचा वास. ओट्यावर एक स्टोव्ह आणि कालची भांडी. मी "जय भीम" केला, थेंबांची बाटली ठेवली आणि वाटेत ठरवून आणलेलं बोलायला लागलो. नाना, तुमचा काही दोष नाही. मुळात पाणी पाणीच असतं. मिरचीची तब्येत आधीपासूनच नाजूक होती. आणि एवढं काय, साधं कोरल तर आहे.

"पुन्हा खोटं," नाना म्हणाले.

मी थेंबांची बाटली उचलून पुन्हा ठेवली.

"मीठ खराब होतं हे खोटं. आता नाजूक होती हे खोटं. पाव्हण्याला कोणी बोलत न्हाई, अनिरुद्धराव. पाव्हण्यानं कपबशी फोडली तरी, राहू द्या, जुनीच होती. इतके दिवस मी तेच ऐकतोय तुमच्या घरात. राहू द्या नाना. असू द्या नाना. त्या गरीब दुकानदाराच्या दारात जाऊन बसलो मी, तुमच्या खोट्यापायी! चार माणसांत!"

आणि मग माझं डोकं फिरलं. धोंडिरामकाका होते म्हणूनही असेल, किंवा रात्रभर झोप नव्हती म्हणून. मी म्हटलं, बरं, मग ऐका. फिल्टरचं पाणी घाला म्हणून सांगितलं होतं की नाही? दोनदा म्हणून दाखवलंत ना माझ्यासमोर? मग कळशी कोणी आणायला सांगितली होती मध्ये? दोन वर्षं सांभाळलेली कोळंबी गेली. गोगलगायी सगळ्या गेल्या. मिरची बादलीत पडलीय म्हातारीसारखी. आणि हे काय, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असताना बसने मालाड? बादली उचलून? फोन बंद करून? तुमची लेक काल ओट्याशी उभी राहून रडली, तिने जेवण केलं नाही, तिला कोण उत्तर देणार? आणि थेंब तिकडे ठेवून आलात, डोळा गेला असता म्हणजे? अक्कल कुठे ठेवली होती, कळशीत?

शेवटचं बोलायला नको होतं. धोंडिरामकाका चपला शोधायला लागले.

नानांनी चष्मा काढून हातात घेतला. मला वाटलं आता संपलं, माधुरीला काय तोंड दाखवू?

"माझं चुकलं," ते म्हणाले. "पण तुझंबी चुकलं. कॅनवर लिवून का न्हाई ठेवलं तांबं चालत न्हाई म्हणून? महिनाभर कळशी तुझ्या डोळ्यासमोर होती. लोकांच्या गाड्या कुणी ठोकल्या ते शोधत फिरतोस, आणि घरातली कळशी दिसंना? माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता. तुझ्या काय होतं?"

धोंडिरामकाका हसले. आधी दाबून, मग मोठ्याने. मलाही हसू आलं, पण मी चिडलेलाच राहिलो, कारण बोलणं खरं होतं.

"किती वाजले?" नानांनी विचारलं.

"सहा होऊन गेले."

"मग दुपारचं खाणं हुकलंच म्हण की तिचं," म्हणाले आणि चपला पायात घातल्या. कुलूप मी लावलं.

३० नोव्हेंबर, रविवार

पाणी तपासलं, तांबं नाही. मिरची टाकीत परत आणली, कपारीच्या खाली, उजेडापासून लांब. उघडत नाही. नाना म्हणतात रोज थोडं तरी भरवून बघायचं. मी म्हणतो उगाच भरवलं तर पाणी खराब होईल. दोघांचं यावर कडाक्याचं वाजलं. माधुरी दुसऱ्या खोलीतून म्हणाली, "जरा हळू भांडा." आवाजावरून हसत होती. तिला हसायला काय झालं, कळलं नाही.

नानांनी काल माधुरीकडून कपाटात दोन खण रिकामे करून घेतले. जागा कमी पडते म्हणाले.

७ डिसेंबर, रविवार

काही नाही. मिरचीची एक फांदी टोकाकडून झडली. मी हात टेकले, तसं बोलूनही दाखवलं. नाना म्हणाले, संपात आम्ही याच्यापेक्षा वाईट दिवस बघितलेत. मला धीर आला असं नाही, पण सिरिंज धुऊन जागेवर ठेवली.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी वंदनेचा आवाज इतका मोठा की मी दचकून उठलो. रविवारी माणसाने झोपायचं की नाही? तक्रार करायला हॉलमध्ये गेलो तर नाना टाकीसमोर बसून म्हणत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी बोटाने खालची कपार दाखवली.

एका फांदीच्या टोकाला फुलं होती. मोजकीच, अर्धवट मिटलेली, पण पांढरी आणि जिवंत. मी त्यांच्या शेजारीच बसलो. डोळ्यात पाणी आलं, ते लिहून ठेवतो. नानांनी वंदना पूर्ण केली आणि मगच म्हणाले, "सिरिंज आण."

१८ जानेवारी २०२६, रविवार

मिरची सगळी फुलली असं नाही. दोन फांद्या गेल्या त्या गेल्याच. पण उरलेल्या सकाळ-संध्याकाळ उघडतात आणि नितेशने फोटो बघून सांगितलं की बुडाशी नवीन कोंब दिसतोय. नानांचा दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. त्यानंतर काय, हे माधुरीने विचारलेलं नाही आणि मीही नाही.

आज दुपारी बेल वाजली. धोंडिरामकाका, आणि त्यांच्यामागे कन्नमवार नगरातले आणखी तिघे म्हातारे, चपला काढत. नानांनी बोलावलेले. आम्हाला काही सांगितलं नव्हतं. माधुरीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

"या, या," नाना आतून ओरडले. "पडदा ओढून घ्या पाठीमागं, उजेड चालत न्हाई तिला. माधुरी, चहा टाक गं सगळ्यांना. आणि अनिरुद्ध, दूध कमी हाय, खाली जाऊन पिशवी आण."

चौघं कोपऱ्यात खुर्च्या ओढून बसले. मी शर्ट घालत होतो तोवर नाना सुरू झाले होते. पाणी कसं उडतं, खाणं कसं विरघळवायचं, पाकळी दाणा कसा धरते. मग कोणीतरी विचारलं की मध्ये आजारी होती म्हणे.

"आजारी कसली? मी मारायलाच घेतली होती," नाना म्हणाले. "सोनूच्या कळशीतलं पाणी पाजलं तिला महिनाभर. मग ह्यो अनिरुद्ध विक्रोळीला आला आणि मला असा फाडला, असा फाडला, विचारा या धोंडिरामला! अक्कल कळशीत ठेवली होती का म्हणाला मला! सख्खा लेक बोलला नसता असं बोलला."

"मग तुम्ही?" एकाने विचारलं.

"मग काय? आलो घरी त्याच्यासंगं," नाना म्हणाले, आणि माझ्याकडे बोट करून सगळ्यांना दाखवलं. "हाच तो."

चौघं माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी चपला घातल्या आणि दूध आणायला खाली गेलो.